कर्नल क्रॉम्प्टन : विजेला नियम लावणारे अभियंते

डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यावर क्रॉम्प्टन हें नांव तुमच्यापैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. परंतु तें एका माणसाचें नांव आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत ३१ मे १८४५ रोजीं झाला. हॅरो येथील शाळेंत शिकत असतांनाच त्यांनीं सुटीच्या दिवसांत रस्त्यावरून चालणारी वाफेची गाडी बांधावयास घेतली होती. (अशा खटपटींना घरांत जागा देणारे पालक तेव्हांही विरळाच असावेत!)

१८६४ सालीं ते लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानांत आले. येथील लांबच लांब सडकांवरून फौजेचें सामान बैलगाड्यांतून रखडत जातांना पाहून, तें वाफेच्या एंजिनांनीं ओढावें अशी योजना त्यांनीं मांडली आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांनीं ती उचलून धरली. या कामासाठीं विलायतेंत बांधलेलें, रबरी धावांचें 'रावी' नांवाचें एंजिन त्यांनीं १८७१ सालीं इप्सविचहून एडिंबरोपर्यंत सडकेनें नेऊन परत आणलें. १८७५ सालीं ते स्वदेशीं परतले.

पुढें १८७८ च्या सुमारास चेम्सफर्ड येथें त्यांनीं विजेचे दिवे व डायनॅमो तयार करण्याचा कारखाना काढला. विजेचा दिवा हें त्या काळीं मोठें नवल होतें. पण नवलाबरोबर भयही आलें. गॅसची ज्योत डोळ्यांना दिसते, त्याची गळती नाकाला कळते. विजेचें तसें नाहीं. तार बारीक आणि प्रवाह जास्त झाला म्हणजे ती तापते. सांधा सैल राहिला तर तेथें ठिणगी पडते. आणि हें सारें भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागें, कोणाच्या नकळत चालतें. धूर दिसूं लागेपर्यंत घर पेटलेलें असतें.

म्हणून १८८२ सालीं लंडन येथील तारायंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेनें, विजेच्या दिव्यांमुळें लागणाऱ्या आगी टाळण्यासाठीं एक समिति नेमली. पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले सर विल्यम टॉमसन, डॉ. हॉपकिन्सन आदि पंडितांबरोबर तींत क्रॉम्प्टनही होते. तिनें केलेले नियम चार पानांत मावले. डायनॅमो कोरड्या जागीं असावा; स्विचची बैठक न जळणाऱ्या पदार्थाची असावी; प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपण होऊन वितळून तो तोडणारी तार, म्हणजे आपला फ्यूज, मंडलांत असावा; अशा तऱ्हेचे ते साधे नियम आहेत. मला त्यांत सर्वांत मार्मिक वाटतें तें असें कीं, धोक्याचें मूळ विजेंत नसून ती बसविणाऱ्याच्या अज्ञानांत असतें आणि दोष अदृश्य असल्यामुळें चाचणी घेतल्यावांचून तो सांपडत नाहीं, हें त्यांनीं प्रारंभींच ओळखलें. वेळोवेळीं सुधारलेले तेच नियम आजही ब्रिटनमध्यें चालू आहेत.

१८८७ च्या सुमारास क्रॉम्प्टन यांनीं लंडनच्या केन्सिंग्टन भागांत घरोघर वीज पुरविण्यास आरंभ केला. ती एकाच दिशेनें वाहणारी, कमी दाबाची वीज होती. इकडे फेरांटी नांवाचा तरुण अभियंता डेप्टफर्ड येथून १०,००० व्होल्ट दाबाची, क्षणोक्षणीं दिशा पालटणारी वीज शहरांत आणूं पाहत होता. या दोन पद्धतींचा मोठा वाद झाला. उच्च दाबाविषयीं क्रॉम्प्टन यांची भीति निराधार नव्हती, पण त्यांचा निष्कर्ष मात्र चुकला असेंच म्हणावें लागतें. दिशा पालटणाऱ्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरनें हवा तसा वाढवितां-उतरवितां येतो, म्हणून ती दूरवर स्वस्तांत नेतां येते. गिरण्या व कारखान्यांना हेंच हवें होतें.

मात्र हार झाली म्हणून ते रुसून बसले नाहींत, येथेंच त्यांचा मोठेपणा मला दिसतो. कारखान्यांतून आतां निरनिराळ्या देशांच्या मोटारी येऊं लागल्या होत्या. एका कारखानदाराची दहा अश्वशक्तीची मोटार दिवसभर चालावी, तर तोच आंकडा कोरलेली दुसऱ्याची मोटार तासाभरांत तापून तिचें वेष्टण जळावें! कारण किती वेळ चालवून, किती तापेपर्यंत ही शक्ति मोजावयाची, हें सर्वांनीं मिळून ठरविलेंच नव्हतें. १९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें भरलेल्या वीज परिषदेंत क्रॉम्प्टन यांनीं हा प्रश्न मांडला. विजेच्या यंत्रांचीं नांवें व शक्तिमापनाच्या रीति एक करण्यासाठीं सर्व देशांची कायम मंडळी असावी, असा ठराव तेथें झाला आणि ती उभारण्याचें काम त्यांच्याकडे आलें. जून १९०६ मध्यें लंडन येथें आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोग स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन अध्यक्ष आणि क्रॉम्प्टन मानद चिटणीस. हे दोघेही पूर्वीं एकदिश विजेचे कट्टे कैवारी. परंतु ज्या पद्धतीला त्यांनीं विरोध केला, तिच्याही यंत्रांना नियम लावणारी संस्था त्यांच्याच हातून उभी राहिली.

आपला देशही त्या आयोगाचा सभासद आहे. १९४७ सालीं येथें भारतीय मानक संस्था निघाली आणि १९८७ सालीं तिचें काम भारतीय मानक ब्यूरोकडे आलें. पालकांनीं प्लग किंवा इस्त्री विकत घेतांना जी आय. एस. आय. ची खूण पाहावयाची, ती त्याच ब्यूरोची.

१९३७ सालीं क्रॉम्प्टन यांचें नांव धारण करणाऱ्या कंपनीचा कारखाना मुंबईंत निघाला, तेव्हां ते नव्वदी ओलांडून गेले होते. १५ फेब्रुवारी १९४० रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, यॉर्कशायरांतच त्यांचा अंत झाला.