डी. एन. नगरचे डी. एन. कोण?

मेट्रोने जाताना डी. एन. नगर हे स्टेशन तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यातलं डी. एन. म्हणजे कोण, असं कधी विचारलंत? मी खारदांड्यात वाढले, पण मीही नव्हतं विचारलं. डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी. आणि म्हातारपणी ते राहिले कुठे, तर आपल्याच किनाऱ्यावर, वर्सोव्याला!

शाळेत आपण त्यांना पांढऱ्या दाढीचे पितामह म्हणून पाठ केलं. पण आधी त्यांना तुमच्या वयाचा विद्यार्थी म्हणून बघा. जन्म १८२५चा. वडील ते चार वर्षांचे असतानाच गेले, आई माणेकबाईंनी वाढवलं. फी परवडणारी नव्हती, शिक्षण मोफत होतं म्हणून शिकता आलं. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. साल १८५५च्या आसपासचं. तेव्हा प्राध्यापकाची खुर्ची म्हणजे विलायतेहून आलेल्या साहेबाची. त्या कॉलेजात तिच्यावर बसलेले हे पहिले भारतीय.

१८५५मध्ये ते व्यापारासाठी लंडनला गेले. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीही शिकवू लागले. १८६६ मध्ये जॉन क्रॉफर्ड नावाच्या विद्वानाने तिथल्या मानववंश अभ्यासकांच्या संस्थेत निबंध वाचला. सार काय, तर आशियाई माणूस बुद्धीने युरोपियनापेक्षा कमी. दादाभाई नुसते चिडले नाहीत. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, युरोपियन लेखकांच्याच साक्षी काढून त्यांनी उत्तर वाचलं.

आता नोकरीचं बघा. आयसीएसची परीक्षा कागदावर सगळ्यांना खुली होती. पण व्हायची फक्त लंडनमध्ये. म्हणजे आधी बोटीचं भाडं, मग तिथे राहण्याचा खर्च, मग पेपर. त्यात १८७०च्या दशकात कमाल वय २१वरून १९वर आणलं. हा निर्णय तेव्हाचे भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांचा. नियमात कुठेही रंगाचा उल्लेख नाही, तरी निकाल आधीच ठरलेला. साहेबांचे पगार आणि पेन्शन मात्र आपल्या करातून जायचे. दादाभाईंनी हाच हिशेब आयुष्यभर मांडला.

१८८६ मध्ये ते ब्रिटिश संसदेची निवडणूक हरले. दोन वर्षांनी तेच सॅलिसबरी, आता पंतप्रधान, जाहीर भाषणात म्हणाले की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. गंमत म्हणजे दादाभाई तसे गोरेपानच होते. म्हणजे प्रश्न कातडीचा नव्हताच, खुर्चीवर हक्क कोणाचा हा होता. १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून ते निवडून आले, अवघ्या पाच मतांनी! पुढच्याच वर्षी परीक्षा भारतातही घ्यावी असा ठराव कॉमन्समध्ये मंजूर झाला. सरकारने तो गुंडाळून ठेवला. १८९५ला दादाभाई हरले.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट आहे. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी अँकरिंगच्या ऑडिशनला गेले. स्क्रिप्ट माझी आवडली, पण स्क्रीनवर फ्रेश चेहरा हवा, असं सांगून मला डेस्कचं काम देऊ केलं. फ्रेश म्हणजे काय, ते आम्हा सावळ्या मुलींना वेगळं सांगावं लागत नाही. मी घरी येऊन रडले, विचारलं काहीच नाही.

दादाभाईंनी विचारलं असतं. परीक्षा कुठे होते, खर्च कोणाला परवडतो, निवडायला कोण बसलंय, याचा आकड्यांत हिशेब मागितला असता. तुमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटला, फेस्टच्या स्टेजवर, ड्रामाच्या लीड रोलला हे प्रश्न विचारून बघा. आणि कमिटीत आपण स्वतः बसलेलो असू, तेव्हा तर नक्कीच.

उत्तर लगेच मिळेल असं नाही. दादाभाई १९१७ मध्ये गेले. आयसीएसची परीक्षा भारतात सुरू झाली १९२२ मध्ये.