उमेदवारीतून पदवीकडे : डॉ. ल्युसी हॉब्ज टेलर

दंतवैद्यक महाविद्यालयातून रीतसर पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून डॉ. ल्युसी हॉब्ज टेलर यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीने 21 फेब्रुवारी 1866 रोजी त्यांना ही पदवी प्रदान केली. मात्र त्या दिवसापूर्वी चार वर्षांहून अधिक काळ त्या स्वतःचा दवाखाना चालवत होत्या. दंतवैद्य होऊ इच्छिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र जाणून घ्यावे, ते याच कारणासाठी.

ल्युसी हॉब्ज यांचा जन्म 14 मार्च 1833 रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉन्स्टेबल या गावी झाला. दहा भावंडांत त्या सातव्या. बालवयातच त्यांचे मातृछत्र हरपले आणि पुढे मलोन येथील फ्रँकलिन ॲकॅडमी या निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. परक्या छपराखाली राहून, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा धडा त्यांनी तेथेच घेतला असावा. 1849 मध्ये शाळा सोडल्यानंतर त्यांनी मिशिगन राज्यात सुमारे दहा वर्षे शिक्षिकेचे काम केले. अध्यापन करता करताच एका डॉक्टरांकडे त्यांनी वैद्यकाचे पाठ घेण्यास आरंभ केला.

1859 मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी सिनसिनाटीला आल्या. तेथील इक्लेक्टिक मेडिकल कॉलेजने त्या स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारला. त्याच महाविद्यालयातील एका प्राध्यापकाने मात्र त्यांना खासगीरीत्या शिकवले आणि दंतवैद्यकाकडे वळण्याचा सल्ला दिला.

त्या काळी दंतवैद्यक ही नवी विद्याशाखा होती. जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय 1840 मध्ये बाल्टिमोर येथे स्थापन झाले होते. ओहायोचे महाविद्यालय 1845 चे. बहुसंख्य दंतवैद्य महाविद्यालयाची पायरी न चढता, एखाद्या अनुभवी दंतवैद्याकडे उमेदवारी करूनच व्यवसायात उतरत. परंतु स्त्रीला उमेदवार म्हणून ठेवून घेण्यास कोणी सहजासहजी तयार होत नसे. अखेर ओहायो कॉलेजचे जोनाथन टाफ्ट यांनी काही काळ त्यांना आपल्याकडे शिकू दिले आणि त्यानंतर याच महाविद्यालयाचे पदवीधर सॅम्युएल वॉर्डल यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. दिवसा दवाखान्यातील काम आणि रात्री पोटासाठी शिवणकाम, असा त्यांचा नित्यक्रम होता.

ही उमेदवारी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. पायाने फिरवण्याचे दंतयंत्र प्रचारात आले ते 1871 नंतर. तोपर्यंत दातातील कीड हातातल्या अवजारांनीच कोरून काढावी लागे. पोकळी स्वच्छ झाल्यावर तीत सोन्याचा वर्ख थरावर थर दाबून बसवत. दाब कमी पडला तर भरण निखळे, अधिक झाला तर दात दुखावे. भीतीने आवळलेले तोंड कसे उघडवावे, दाढ काढताना जोर कोणत्या दिशेला द्यावा, रक्तस्राव होत असता मन स्थिर कसे ठेवावे, ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती गुरूच्या शेजारी उभे राहून, पाहून आणि करूनच येते.

एवढी तयारी करून 1861 मध्ये त्यांनी ओहायो कॉलेजकडे प्रवेश मागितला. तोही नाकारला गेला, आणि कारण पुन्हा स्त्रीत्वाचेच होते. तेव्हा त्यांनी सिनसिनाटीत स्वतःचा दवाखाना उघडला. लवकरच यादवी युद्ध भडकले आणि शहरात जम बसणे कठीण झाले. त्या आयोवा राज्यात गेल्या. प्रथम बेलव्ह्यू आणि नंतर मॅकग्रेगर या गावी त्यांनी व्यवसाय केला व आपल्या कामाने लोकांचा विश्वास संपादन केला.

1865 मध्ये आयोवा राज्याच्या दंतवैद्यक संघटनेने त्यांना सदस्यत्व दिले आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या शिकागो येथील अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून निवडले. ज्यांच्या बरोबरीने त्या काम करत होत्या, त्या व्यवसायबंधूंनीच त्यांच्या कौशल्याला दिलेली ही मान्यता होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओहायो कॉलेजने आपली दारे त्यांच्यासाठी उघडली. पूर्वीचा अनुभव जमेस धरून त्यांना थेट वरच्या वर्गात घेण्यात आले, आणि एका सत्राच्या अध्ययनानंतर त्या पदवीधर झाल्या.

येथे एक प्रश्न मनात येतो. रुग्ण होते, उत्पन्न होते, मानही मिळू लागला होता. मग बत्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होण्याची गरज काय? याचे उत्तर असे वाटते की, व्यक्तीचे कौशल्य त्या व्यक्तीबरोबर संपते; उघडलेले दार मात्र पुढे येणाऱ्यांसाठी उघडे राहते. अनुभवाने त्यांना सिद्ध केले, तर त्यांच्या पदवीने इतर स्त्रियांचा मार्ग मोकळा केला.

1867 मध्ये त्यांचा विवाह जेम्स टेलर यांच्याशी झाला. रेल्वेत काम केलेल्या आपल्या पतीला त्यांनी दंतवैद्यक शिकवले. ज्यांना एकेकाळी उमेदवारीसाठी दारोदार फिरावे लागले होते, त्याच आता गुरू झाल्या. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे दोघांनी मिळून दीर्घकाळ रुग्णसेवा केली. 1886 मध्ये जेम्स निवर्तले. ल्युसी टेलर यांचे निधन 3 ऑक्टोबर 1910 रोजी लॉरेन्स येथेच झाले.

आज काळ बदलला आहे. भारतात कायद्यानुसार नोंदणीवाचून दंतवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही, आणि रुग्णांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. म्हणून प्रवेशापूर्वी कोणी रुग्णाच्या दाताला हात लावू नये. परंतु एखाद्या दंतवैद्याच्या अनुमतीने दवाखान्यात काही दिवस बसावे, अवजारे निर्जंतुक कशी करतात ते पाहावे, घाबरलेल्या मुलाला डॉक्टर कसा धीर देतात ते ऐकावे. याला कोणाची आडकाठी नाही. या कामात आपले मन रमते की नाही, हे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पाऊल टाकण्याआधीच कळलेले बरे. ल्युसी हॉब्ज यांना प्रवेश मिळाला तेव्हा त्यांच्या मनात ती शंका उरलेली नव्हती.