नांदेडच्या नळामागचे 'हेडमास्तर': कोण होते शंकरराव चव्हाण?
नांदेडमध्ये वॉशिंग मशीनचा पाइप नळाला जोडला की येणारं पाणी मुख्यतः गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचं असतं. या प्रकल्पाला शंकरराव चव्हाणांचं नाव आहे.

१९२० मध्ये पैठणला जन्मलेल्या शंकररावांनी वकिली सोडून हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली. पुढे ते नांदेडचे नगराध्यक्ष, राज्याचे पाटबंधारे मंत्री आणि दोनदा मुख्यमंत्री झाले. कडक शिस्तीमुळे लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत.

मराठवाड्याला हक्काचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी जायकवाडी धरणाचा आग्रह धरला. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचं लोकार्पण १९७६ मध्ये, ते मुख्यमंत्री असतानाच झालं. २००४ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाइप कितीही चांगला असला, तरी मागे साठा लागतोच.