समुद्र निळा का? बोटीवरच्या एका प्रश्नातून नोबेलपर्यंत पोहोचलेले सी. व्ही. रामन

28 फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. पण त्या तारखेपर्यंतचा रस्ता मुंबई बंदरातून गेला होता, हे फार जणांना ठाऊक नसतं.

साल 1921. कलकत्ता विद्यापीठातले प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन ऑक्सफर्डची परिषद आटोपून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. वय 32. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना अक्षरशः पछाडलं. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा दिसतो, असं लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं. रामन यांनी खिशात मावेल एवढा निकोल प्रिझम काढला. ठरावीक कोनातून पाहिलं, तर पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो आणि प्रिझम फिरवून तो अडवता येतो. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हा ब्रूस्टर कोन मी फक्त मार्कांसाठी घोकला होता!) प्रतिबिंब पुसलं गेलं, पण समुद्र निळाच राहिला, उलट अधिकच निळा दिसला. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. पाणी लाल रंग शोषतं, हेही या निळाईचं मोठं कारण. पण प्रतिबिंबाचा सिद्धांत तिथेच मोडला. बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर'साठी टिपण तयार झालं.

तिरुचिरापल्लीत 1888 मध्ये जन्मलेले रामन आधी सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. ऑफिसच्या आधी आणि नंतर कलकत्त्यातल्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करायचे. 1917 मध्ये कमी पगार पत्करून प्राध्यापक झाले.

28 फेब्रुवारी 1928 ला काय दिसलं?

द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगासोबत थोडा बदललेला रंगही सापडला. तो इतका अंधूक, की साधारण एक कोटी फोटॉनांमागे एखादाच असा. सुरुवातीला हे टिपणारं यंत्र म्हणजे माणसाचा डोळा. प्रयोगात के. एस. कृष्णन यांचा मोठा वाटा होता. 1930 चं नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळालं.

रंगातला हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा, जणू बोटाचा ठसाच. म्हणून आज याच तत्त्वावर समुद्रातल्या मायक्रोप्लास्टिकचे कण ओळखतात, लेझर आकाशात सोडून हवेतली वाफ मोजतात आणि कारखान्यांत औषधी गोळ्यांपासून कार्बनच्या लेपापर्यंत माल न फोडता तपासतात.

रामन यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1933 मध्ये ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (लेखिका दुर्गा भागवत यांची बहीण) यांना त्यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. निरीक्षणावर इतका विश्वास असलेल्या माणसाने इथे न पाहताच निकाल दिला होता. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. वर्षभर त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलीने 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

रामन यांचं निधन 21 नोव्हेंबर 1970 रोजी बंगळुरूत झालं.