रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईतील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ होते. उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग त्यांनी पद्धतशीर चाचणीने जगापुढे मांडला. या संशोधनामुळे पुढे नैराश्याच्या शास्त्रीय अभ्यासालाही अनपेक्षित दिशा मिळाली.

जीवन

वकील यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये पूर्ण करून ते मुंबईस परतले आणि केईएम रुग्णालयाशी निगडित राहिले. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला रोगनिदानविषयक ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला.

सर्पगंधेवरील संशोधन

सर्पगंधेचे मूळ उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर भारतात पूर्वापार वापरले जात असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला होता; परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९४९ मध्ये वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली आणि परिस्थिती पालटली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळातून रेसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले.

नैराश्याच्या अभ्यासाशी संबंध

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते, अशा नोंदी लवकरच होऊ लागल्या. चेतापेशींतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन यांचे साठे हे द्रव्य रिकामे करते, असे १९५५ नंतरच्या प्रयोगांत आढळले. या द्रव्यांची उणीव म्हणजेच नैराश्य, या उपपत्तीला त्यातून बळ मिळाले, आणि नव्या नैराश्यविरोधी औषधांची पारख रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांवर होऊ लागली. एका वनस्पतिजन्य द्रव्याने अशा रीतीने रोगाचाच नमुना पुरवला.

पुढील आढाव्यांत मात्र रेसर्पिन व नैराश्य यांचा संबंध पूर्वी वाटला तितका सरळ नसल्याचे दिसून आले. नैराश्यविरोधी औषधे मेंदूतील द्रव्यांचे प्रमाण काही तासांतच बदलतात, पण रुग्णाला उतार पडायला काही आठवडे लागतात. ही तफावतही त्या उपपत्तीने उलगडत नव्हती. २००० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, अशी औषधे दीर्घकाळ दिल्यास हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशींची निर्मिती वाढते, असे आढळले. तेव्हापासून वनस्पतिजन्य द्रव्येही या कसोटीवर तपासली जाऊ लागली. तथापि प्राण्यांतील पेशीवाढ म्हणजे माणसातील गुण नव्हे. त्यासाठी वकील यांनी केली तशी रुग्णांवरील काटेकोर चाचणीच आवश्यक ठरते.

सन्मान

१९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मनोरुग्णांवर रेसर्पिनचा प्रयोग करणारे नेथन क्लाइन हेही त्या वर्षीच्या मानकऱ्यांत होते. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला, तर १९६५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही त्यांना लाभला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.