काचेवरचे कुटुंब

एमिल झोला म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे ‘नाना’ ही कादंबरी. कॉलेजात असताना मी ती वर्तमानपत्राचे वेष्टन घालून वाचली होती आणि ज्या कारणासाठी वाचायला घेतली ते त्यात फारसे न सापडल्याने जरा खट्टूही झालो होतो. दुसरी म्हणजे ड्रेफस प्रकरण. एका निरपराध ज्यू कॅप्टनसाठी साऱ्या फ्रेंच लष्कराशी भांडण घेणारा दाढीवाला, नाकावर चिमट्याचा चष्मा लावणारा, कपाळाला आठ्या घातलेला माणूस. शाळेच्या पुस्तकात टिळक जसे कायम रागावलेले दिसतात तसाच हाही.

मग एके दिवशी मला हाच माणूस एका बागेत चहा पिताना दिसला. १९७९ साली झोलाच्या नातवाने, फ्रांस्वा एमिल-झोला यांनी, मासँ या ग्रंथरचनाकाराच्या सोबतीने झोलाने काढलेल्या छायाचित्रांचे एक पुस्तक काढले. त्यातले हे चित्र. झाडाखाली टेबल, टेबलाभोवती एक तरुण स्त्री, एक मुलगी, एक मुलगा आणि पोक्त वयाचे झोला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी काढलेला फोटो असावा तसा हा फोटो. त्यात न कळण्यासारखे काहीच नाही, आणि तरीही हा फोटो झोलाच्या हयातीत जगापुढे येण्यासारखा नव्हता. ती स्त्री त्यांची पत्नी नव्हती आणि त्या मुलांना त्यांचे नाव नव्हते.

झोलांचा जन्म २ एप्रिल १८४० चा, पॅरिसमधला. बालपण मात्र दक्षिणेत, एक्स या गावी गेले. वडील मूळचे व्हेनिसचे इंजिनिअर. गावाला पाणी देणारे धरण बांधायचे काम त्यांनी मिळवले आणि ते पुरे व्हायच्या आत, १८४७ मध्ये वारले. मागे राहिली विधवा आई आणि कर्ज. पण त्या गावाने झोलाला एक मोठी गोष्ट दिली. ती म्हणजे भटकंती. पॉल सेझान, बातिस्तँ बाय आणि झोला हे तीन शाळूसोबती सुट्टी लागली की पाठीला पिशवी लावून डोंगराकडे निघत. आर्क नदीत डुंबायचे, झाडाखाली शिदोरी सोडायची, व्हिक्टर ह्यूगोच्या कविता मोठ्याने म्हणायच्या. यातला एक पुढे जगातला थोर चित्रकार झाला हे आपल्याला ठाऊक आहे; तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. झोला पुढे आयुष्यभर ज्या सहलींच्या मागे लागले त्यांचे मूळ मला इथे दिसते. कॅमेरा तेव्हा हाती नव्हता इतकेच.

पॅरिसला आल्यावरचा काळ मी भराभर सांगतो. तो त्यांच्या सगळ्याच चरित्रांत असतो. शालान्त परीक्षेत नापास, गोदीच्या कचेरीत कारकुनी, १८६२ पासून आशेत या प्रकाशन संस्थेत आधी पुस्तकांची पार्सले बांधणे आणि मग जाहिरात विभाग सांभाळणे. १८७० मध्ये अलेक्सांद्रीन मले हिच्याशी लग्न. १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांवर वीस कादंबऱ्या. त्यातल्या ‘लासोम्वार’ने १८७७ मध्ये एवढा पैसा दिला की पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी मेदाँ या खेड्यात नऊ हजार फ्रँकला एक लहानसे घर घेतले. मग त्याला एकेका कादंबरीच्या पैशातून मजले आणि मनोरे चढवले. बागेच्या टोकाला रेल्वेचे रूळ होते. सकाळभर लिहायचे, दुपारी पाहुणे, कुत्री, नदीवर होडी. वरवर सगळे भरलेले. पण या जोडप्याला मूल झाले नाही, आणि चाळिशी उलटता उलटता झोलाला ते सलू लागले.

१८८८ च्या मे महिन्यात अलेक्सांद्रीनने घरच्या कपड्यांची उस्तवार करायला एक मुलगी ठेवली. झान रोझरो. वय एकवीस. झोला अठ्ठेचाळीस वर्षांचे. पुढे काय झाले ते तपशिलाने सांगण्याची गरज नाही. मालक आणि कामाला आलेली मुलगी या नात्यात कोणाचे पारडे जड असते हे झोलाइतके कोणी लिहिले नसेल, आणि तरीही ते स्वतः त्याच वाटेने गेले. मी त्यांचा चाहता आहे म्हणून यावर पांघरूण घालणार नाही. झानची बाजू आपल्याला कधी नीट ऐकायला मिळत नाही. फोटोंत मात्र ती सारखी दिसते, आणि पुष्कळदा सरळ भिंगाकडे पाहत असते.

मुलगी दनीझ २० सप्टेंबर १८८९ रोजी जन्मली, मुलगा झाक २५ सप्टेंबर १८९१ रोजी. त्याच नोव्हेंबरात एका निनावी पत्राने अलेक्सांद्रीनला सारे कळले. ती तडक झानच्या बिऱ्हाडी गेली आणि तिथली झोलाची पत्रे तिने नष्ट केली. आजही झोलांनी झानला लिहिलेली जी पत्रे छापील रूपात मिळतात ती १८९२ च्या पुढचीच आहेत. संसार मोडतो की काय अशी वेळ होती. तो मोडला नाही, पण दोन झाला.

त्या काळच्या फ्रेंच कायद्यात विवाहित पुरुषाला परस्त्रीपासून झालेल्या मुलांचे पितृत्व मान्य करण्याची मुभाच नव्हती. म्हणजे झोलाने मनात आणले असते तरी नोंदवहीत बाप म्हणून सही करता आली नसती. दनीझ आणि झाक कागदोपत्री रोझरोच राहिली. अवघ्या युरोपात ज्याची सही ओळखली जात होती त्या माणसाला ती स्वतःच्या मुलांच्या जन्माच्या दाखल्यावर करता येत नव्हती.

इथे कॅमेरा आला. त्याची पहिली चव झोलाला १८८८ च्याच उन्हाळ्यात, र्वायाँ या समुद्रकाठच्या गावी मिळाली होती; पण खरा नाद लागला तो १८९४ च्या सुमाराला, घराण्याचा विसावा खंड हातावेगळा झाल्यावर. झोला कोणतीही गोष्ट अर्धवट करत नसत. पॅरिसच्या घरी, मेदाँला आणि झानच्या घरी अशा तीन काळोख्या खोल्या त्यांनी थाटल्या. वेगवेगळ्या आकारांचे कॅमेरे जमवले. तेव्हाचे काम काचांवरचे. रसायनाचा लेप दिलेली काच कॅमेऱ्यात सरकवायची, किती वेळ उजेड दिला ते टिपून ठेवायचे, मग लाल दिव्याच्या उजेडात ती द्रावणात हलवत बसायचे, आणि हळूहळू काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे झालेले चेहरे वर येताना पाहायचे. हे सगळे ते स्वतः करत. एकच काच वेगवेगळ्या कागदांवर उतरवून कुठली छटा बरी दिसते ते पाहत. दुरून झाकण उघडण्याची युक्तीही त्यांनी बसवली होती, म्हणजे फोटो काढणाऱ्यालाच फोटोत जाऊन बसता यावे.

या युक्तीची मला सर्वांत गंमत वाटते. गावातल्या फोटोवाल्याला बोलावले असते तर काम सोपे होते. पण मग फोटोवाल्याला कळले असते.

१८९३ च्या उन्हाळ्यात झान आणि मुले नदीपलीकडच्या टेकडीवर, शव्हर्शमाँ नावाच्या वस्तीत राहत होती. मेदाँच्या सज्जातून झोला दुर्बीण लावून आपली मुले पाहायचे. बाप दुर्बिणीतून मुले पाहतो हे चित्र त्यांनी कादंबरीत घातले असते तर समीक्षकांनी अतिरंजित म्हटले असते. पुढे १८९५ पासून मुलांचे उन्हाळे मेदाँजवळच्याच व्हेर्नय गावी जाऊ लागले आणि सायकल मदतीला आली. सायकल तेव्हा नवी होती, तिचे वेड सगळ्या फ्रान्सला लागले होते. सकाळी लेखन, जेवण, थोडी वामकुक्षी, मग सायकलवरून व्हेर्नय. संध्याकाळी परत मेदाँ, बायकोबरोबर जेवण.

व्हेर्नयचे फोटो पाहताना माणूस गुंगतो. सायकल धरून उभी झान. फुललेल्या बागेत ऊन अंगावर घेणारी मुले. गवताच्या टोप्या, उघडे पाय, शिवणकामावर वाकलेली मान. दुसरीकडे मेदाँच्या काचांवर अलेक्सांद्रीन, पाहुणे, धूर सोडत जाणारी आगगाडी, आणि पिनपिन नावाचे लाडके कुत्रे. दोन्ही बागांत ऋतू तोच. मी पाहिलेल्या पानांत दोन्ही बायका एका फोटोत कुठेही नाहीत. पण अलेक्सांद्रीनने पुढे मुलांना भेटायला सुरुवात केली, पॅरिसला असताना फिरायलाही नेले. तिने हे गिळले कसे ते तिलाच ठाऊक. त्या घरात सर्वांत मोठे मन तिचेच होते असे माझे मत होत चालले आहे.

१८९७ मध्ये झोलाने मुलांच्या छायाचित्रांचा एक अल्बम बांधला आणि त्याला पुस्तकासारखे नाव दिले. नावाचा मराठीत अर्थ असा: दनीझ आणि झाक, एमिल झोला यांनी सांगितलेली एक खरी गोष्ट. वीस खंड कल्पित लिहिणाऱ्याने हे नाव घातले आहे. आणि लेखक म्हणून स्वतःचे नाव मुलांच्या नावांना जोडून लिहिण्याची त्याला मिळालेली ही एकच जागा.

मी तीस वर्षे बँकेत काढली. तालुक्याच्या शाखेत असताना एक बाई काउंटरवर आली होती. एक ठेवीदार वारला होता. तिच्याजवळ पासबुक नव्हते, पावती नव्हती, कागद असा कुठलाच नव्हता. होता तो जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला एक फोटो. मागे रंगवलेले विमान, पुढे तो माणूस, ती आणि सात-आठ वर्षांचा एक पोरगा. मी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि परत केला. नियमात फोटो बसत नव्हता. कोर्टातून वारसाचा दाखला आणा असे मी सांगितले. ती पुन्हा आली नाही. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. व्हेर्नयची पाने उलटताना ते विमान दर वेळी आठवते.

झोलाची निवांत दुपार संपवली ती ड्रेफस प्रकरणाने. १३ जानेवारी १८९८ रोजी ‘लोरोर’ या दैनिकात त्यांचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले जाहीर पत्र आले. अधिकाऱ्यांची नावे घेऊन आरोप केले होते. खटला झाला, शिक्षा झाली, ती रद्द होऊन पुन्हा खटला उभा राहिला, आणि १८ जुलैला व्हर्सायहून ते थेट लंडनला पळाले. सामान म्हणजे वर्तमानपत्रात गुंडाळलेला रात्रीचा सदरा. मला एक प्रश्न नेहमी पडतो. ज्याच्या घरात एवढी झाकलेली गोष्ट आहे तो माणूस सगळ्या देशाचे शत्रुत्व घ्यायला धजावतो कसा? उद्या कोणी व्हेर्नयचे दार ठोठावले असते तर? त्यांनी तो हिशेब केला नसेल असे नाही. केला, आणि तरीही सही केली.

इंग्लंडात अकरा महिने खोटी नावे लावून राहणे झाले. ऑगस्टमध्ये झान आणि मुले सरे परगण्यात येऊन राहिली, शाळेसाठी ऑक्टोबरात परतली. मग अलेक्सांद्रीन आली. ईस्टरच्या सुट्टीत पुन्हा मुले. दोन्ही घरांचे वेळापत्रक परदेशातही पाळले जात होते. मधल्या काळात मेदाँला पिनपिन मेले, आणि ते कळल्यावर झोला फार खचले. लंडनच्या दक्षिणेला अपर नॉरवुडमधल्या एका हॉटेलात ते सकाळी नवी कादंबरी लिहीत आणि दुपारी कॅमेरा घेऊन बाहेर पडत. ओले रस्ते, क्रिस्टल पॅलेसची काचेची प्रचंड इमारत, घोडागाड्या, आणि घागरे सावरत सायकल चालवणाऱ्या इंग्रज बायका. लपून राहणारा माणूस भररस्त्यात तिपाई लावून उभा आहे! पण तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते, आणि बहुधा त्यामुळेच त्या फोटोंत पुष्कळ मोकळा वारा आहे. ५ जून १८९९ ला ते मायदेशी परतले. पुढच्या वर्षी पॅरिसला भरलेल्या विश्वप्रदर्शनाचे त्यांनी शेकडो फोटो काढले.

१९०२ चा उन्हाळा नेहमीसारखा मेदाँ आणि व्हेर्नयमध्ये गेला. २८ सप्टेंबरला पती-पत्नी पॅरिसच्या घरी आली. थंडी होती म्हणून शेगडी पेटवली. धुराडे तुंबलेले होते. पहाटे विषारी वायूने झोला गेले, अलेक्सांद्रीन वाचली. धुराडे मुद्दाम बुजवले होते असा संशय आजवर घेतला जातो, सिद्ध झालेले नाही.

आता अलेक्सांद्रीनपुढे कायद्याने सगळेच होते. वारस ती एकटी. तिने झानशी संबंध तोडला नाही. १९०५ मध्ये मेदाँचे घर तिने आजारी मुलांसाठी सरकारी संस्थेला देऊन टाकले. आणि तिच्याच पुढाकाराने १९०६ मध्ये दनीझ आणि झाक यांना एमिल-झोला हे आडनाव मिळाले. आडनावातही बापाचे पूर्ण नाव, मध्ये जोडरेघ. तेव्हा दनीझ सतरा वर्षांची होत होती. झान १९१४ मध्ये गेली, अलेक्सांद्रीन १९२५ मध्ये. झाक डॉक्टर झाला. दनीझने १९३१ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिले, त्यात व्हेर्नयच्या दुपारी आहेत.

काचा घरातच राहिल्या. सत्तरएक वर्षांनी त्या पुस्तकात आल्या, आणि पुस्तकावर नाव होते त्या चहाच्या टेबलाशी बसलेल्या मुलाच्या मुलाचे.