आगीचे पाळक योन स्टेन्ग्रिम्सन

ज्या काळ्या कातळावर आपल्या सह्याद्रींतील गांवें वसलीं आहेत, तो कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून रस होऊन वाहिला. तें पाहावयास त्या वेळीं मनुष्य नव्हता. परंतु आइसलंड बेटांत तसाच प्रकार, फार लहान प्रमाणावर, १७८३ सालीं घडला. आणि तो डोळ्यांनीं पाहून व अंगावर सोसून लिहून ठेवणारा एक सत्पुरुष तेथें होता. त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

योन यांचा जन्म १७२८ सालीं उत्तर आइसलंडांत झाला व शिक्षण होलार येथील धर्मपीठाच्या शाळेंत झालें. वैद्यकाचें ज्ञान त्यांनीं स्वतःच्या परिश्रमानें मिळविलें होतें. १७७८ सालीं ते दक्षिणेकडील सीदा परगण्याचे पाळक झाले. त्यांचें देऊळ क्लौस्तुर या वस्तींत होतें.

१७८३ च्या जून महिन्याची ८ तारीख हा पेंटेकॉस्ट सणाचा दिवस होता. सकाळीं आकाश निरभ्र होतें. इतक्यांत उत्तरेच्या डोंगरांमागून काळा ढग उठला व राख पडूं लागली. लाकी डोंगराच्या दोहों बाजूंस जमीन सुमारें २७ किलोमीटर फाटली होती. तींतून निघालेला लाव्हारस स्काफ्ता नदीच्या पात्रानें वस्तीवर उतरूं लागला. २० जुलैच्या रविवारीं तो अगदीं जवळ आला, तेव्हां ही आपली शेवटची उपासना असें समजून मंडळी देवळांत जमली. गडगडाटानें देऊळ हादरत होतें, तरी पाळकांनीं उपासना आटोपती घेतली नाहीं. लोक बाहेर येऊन पाहतात तों रस पुढें न सरतां जागच्या जागीं थरावर थर चढला होता, आणि तुंबलेल्या नद्यांचें पाणी त्यावर पडून तो निवत होता. लोकांनीं त्यांत ईश्वराचा हात पाहिला. योन यांस आगीचे पाळक हें नांव मिळालें तें या प्रसंगावरून.

परंतु मोठा घात आगीनें केला नाहीं, हवेनें केला. भेगांतून आठ महिने गंधकाचा वायु निघत होता. तो एकंदर सुमारें १२ कोटी टन असावा असें शास्त्रज्ञ मानतात. हवेंतील ओलाव्याशीं मिळून त्याचें आम्ल होतें. तें श्वासाबरोबर आंत जाऊन छातीस जाळतें व पावसाबरोबर पडून गवत करपवितें. त्याबरोबर निघालेला फ्लोरिन राखेवाटे कुरणांवर बसला. तें गवत खाऊन जनावरांचे दांत बिघडले, हाडें सुजलीं व तीं उभ्या उभ्या खंगलीं. बेटावरील सुमारें निम्मीं गुरें, चारांतील तीन घोडे व पांचांतील चार मेंढ्या मेल्या. मागोमाग दुष्काळ आला आणि सुमारें एक पंचमांश माणसें दगावलीं.

या काळांत योन आपली मंडळी सोडून गेले नाहींत. ते आजाऱ्यांस औषध देत व मेलेल्यांस मूठमाती देत. १७८४ सालीं त्यांची पत्नी थोरुन हीही वारली. त्याच वर्षीं अंमलदाराकडे पोंचविण्यासाठीं मोहोरबंद सरकारी मदत त्यांच्या हातीं दिली होती. वाटेंत उपाशी लोक भेटले, तेव्हां त्यांनीं मोहोर फोडून त्यांतील पैसे वांटले. याबद्दल त्यांस दंड भरावा लागला व माफी मागावी लागली. नियम मोडला हें खरें. आणि पैसे पोंचेपर्यंत कित्येक जगले नसते, हेंही खरें. पालकांनीं मुलांबरोबर बसून या गोष्टीचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

१७८८ सालीं त्यांनीं या उत्पाताचा वृत्तान्त लिहिला. आग कोठवर आली एवढेंच लिहून ते थांबले नाहींत. हवेस वास कसा येई, पाऊस अंगास कसा झोंबे, जनावरांच्या कोणत्या अवयवांस काय झालें, हें सर्व त्यांनीं नोंदलें. तो धूर युरोपभर पसरला होता व इंग्लंडांतही त्या सुमारास मृत्यू वाढले होते. त्याचें कारण समजून घेतांना शास्त्रज्ञांस या नोंदींचा मोठा उपयोग झाला. १७९१ सालीं योन यांनीं देह ठेवला. क्लौस्तुर येथें त्यांच्या स्मरणार्थ १९७४ सालीं प्रार्थनामंदिर झालें.

२०१४ च्या ऑगस्टांत आइसलंडांत होलुह्रौन येथें पुनः भूमि फाटली व सहा महिने वायु निघत राहिला. या वेळीं सरकारनें ठिकठिकाणीं हवा मोजली, आणि ज्या गांवाकडे वारा वळे तेथील लोकांस दारें-खिडक्या लावून घरांत राहण्यास कळविलें. आग दिसतांच मनुष्य पळतो. विषारी हवा मात्र पुष्कळदां दिसत नाहीं, म्हणून तिच्यापासून वांचावयास कोणीं तरी आधीं सांगावें लागतें. हें सांगण्याचें काम योन यांनीं दुःखांत बुडालेले असतांही केलें. विद्यार्थ्यांनीं त्यांचा रविवारचा धीर आठवावा. पण त्यांनीं पुढें हातीं घेतलेली लेखणीही विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.